कोअर शॉपवर आलेला आळ

मला कृतघ्न म्हणणारी दोन माणसं आजही कोल्हापुरात आहेत. त्यांतलं एक रस्त्यात भेटलं तर मी वाकून नमस्कार करते, कारण त्या माणसानं माझ्यासाठी खरोखर फार केलं आहे. पण ज्या गोष्टीवरून ते मला कृतघ्न म्हणतात, ती मी उद्या पुन्हा करीन. परवाही करीन.

माझं गाव नेसरीच्या पुढं, चंदगडच्या वाटेवर. दहावीपर्यंत गावातली मराठी शाळा, बारावी गडहिंग्लजला एसटीनं जाऊन-येऊन. आई काजूच्या कारखान्यात गर सोलते, वडील भाताच्या गिरणीवर असतात. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेली नव्हती. कोल्हापूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्याच सत्रात मी दोन विषयांत नापास झाले आणि बॅग भरून गावाकडं निघाले. ज्या सरांनी मला थांबवलं, तेच पुढं आमच्या प्रोजेक्टचे गाईड झाले. प्रयोगशाळा सुटल्यावर त्यांनी मला रोज तासभर बसवून घेतलं, स्वतःचा जुना लॅपटॉप वापरायला दिला, वसतिगृहाच्या बाईंशी माझ्यासाठी भांडले. "इंग्रजी येईल गं हळूहळू. विचार मराठीत केलास तरी प्रोग्राम चालतो," असं मला सांगणारा तो पहिला माणूस. हे आधीच लिहिते, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना वाईट ठरवू नये.

आमच्या कॉलेजसमोरच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानांच्या माडीवर प्रोजेक्ट तयार करून देणारे लोक बसतात. विषय सांगायचा, आठवड्यानं पेनड्राइव्ह घेऊन यायचा. कंपनीचं पत्र हवं असेल तर तेही मिळतं. कुणाच्या तरी ओळखीतल्या कारखान्याच्या लेटरहेडवर दोन ओळी: या विद्यार्थ्यांनी आमच्याकडे यशस्वीपणे काम केले. कारखान्यानं त्या पोरांचं तोंडही पाहिलेलं नसतं. आमच्या आधीच्या कित्येक वर्गांनी असंच केलं आणि नोकऱ्याही मिळवल्या.

आमच्या वर्षी सरांनी हे बंद पाडलं. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या विषयात त्यांनी खऱ्या कंपन्या आणल्या. शेवटचं अख्खं वर्ष एका कंपनीसाठी काम करायचं, दर पंधरा दिवसांनी तिथं जाऊन बैठक करायची, आणि शेवटच्या गुणांतला एक हिस्सा कंपनीचा माणूस देणार. त्यासाठी सर दोन उन्हाळे एमआयडीसीत गेटागेटावर स्कूटर घेऊन फिरले होते. वॉचमननं परत पाठवलं तरी पुन्हा जायचे.

आमच्या गटाला एक फौंड्री मिळाली, म्हणजे लोखंड वितळवून यंत्रांचे भाग ओतणारा कारखाना. गटात तिघं होतो. मी, उचगावचा एक मित्र, ज्याचे वडील दुसऱ्या एका फौंड्रीत साचे करणारे मोल्डर आहेत, आणि शहरातली एक मैत्रीण, जिच्या घरी आजोबांपासून सगळे शिक्षक. ती बोलायची, मित्र डेटाबेस बघायचा, आणि स्क्रीन मी लिहायची.

फौंड्रीतल्या क्वालिटी मॅनेजर साहेबांना एवढंच हवं होतं, की जे कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, खराब म्हणून बाजूला पडतं, ते कशामुळं पडलं याची नोंद व्हावी. तोवर ती नोंद कुणाच्या तरी डोक्यात असायची किंवा वहीत अर्धवट. आम्ही तपासणीच्या टेबलावर एक टॅब बसवायचा ठरवला. पहिल्याच बैठकीत साहेब म्हणाले, "हे बघा, माझ्या माणसाला विचार करायला लावू नका. तिथं धूळ आहे, आवाज आहे. एका बटणात काम झालं पाहिजे."

आम्ही तिघांनीही वहीत लिहून घेतलं: एका बटणात काम.

पुस्तकात पहिल्याच प्रकरणात लिहिलेलं असतं, की जो वापरणार त्याला विचारा. आम्ही ते पाठ केलं होतं, परीक्षेत लिहून गुणही घेतले होते. पण वापरणारा म्हणजे साहेब, असं आम्ही धरून चाललो. एसी केबिनमध्ये जो खुर्ची देतो आणि चहा मागवतो, तोच आपला माणूस, असं आमच्यासारख्यांना वाटतं. मला तर जास्तच वाटायचं. मोठ्या माणसानं समोर बसवून घेतलं, यातच माझं पोट भरायचं.

तर मी स्क्रीन लिहिली. खराबीची कारणं कंपनीच्या इंग्रजी माहितीपुस्तकातून घेतली आणि एबीसीडीच्या क्रमानं लावली. पहिलं आलं ब्लो होल, मग कोल्ड शट, क्रॅक, अशी खालपर्यंत. रोज यादी उघडायला वेळ जाऊ नये म्हणून पहिलं कारण आधीच निवडलेलं ठेवलं. खाली मोठं हिरवं बटण: नोंद करा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही पन्नास वेळा दाबून बघितलं. एकदाही अडकलं नाही.

टॅब बसवला त्या दिवशी बैठकीच्या खोलीत सुपरवायझरला अर्धा तास समजावलं. फोटो काढले. पुढची प्रत्येक बैठक म्हणजे साहेबांचं "छान, छान" आणि आमचं "थँक यू सर". दोन महिन्यांनी साहेबांनी आमच्या आकड्यांवरून काढलेला रंगीत गोल केबिनच्या भिंतीवर लावला. गोलातला मोठा लाल भाग ब्लो होलचा होता. "एवढी वर्षं आम्ही अंधारात होतो," साहेब म्हणाले. माझ्याकडं बघून पुढं म्हणाले, "पास झालीस की इथंच ये. आयटीत घेतो तुला." मी गावाकडं फोन केला. आईनं शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं गल्लीला.

एप्रिलमध्ये अहवालासाठी फोटो हवे होते म्हणून मी एकटीच फौंड्रीत गेले. जेवणाची सुट्टी होती. कोअर शॉपच्या बाहेर पत्र्याच्या सावलीत आठ बायका डबे उघडून बसल्या होत्या. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला फडकं, भुवयांवर वाळू. पोकळ कास्टिंग ओतायचं तर साच्याच्या आत वाळूचा गाभा ठेवावा लागतो, त्याला कोअर म्हणतात. या बायका तो हातानं करायच्या. पेटीत वाळू ठासायची, वायू सोडून ती कडक करायची, आणि अलगद बाहेर काढून फळीवर मांडायची. चार महिने मी त्यांच्या दारावरून जात होते. आत कधी गेले नव्हते.

"मावशी, एक फोटो काढू?"

"काढ, काढ," त्यांतली सगळ्यांत थोरली म्हणाली. "पुन्यांदा घावायचो न्हाई आम्ही."

"का?"

"एक तारखेपास्नं बंद. कोअर भाइरनं तयार आणणार हाईत. आमच्या कोअरनं माल फुटतुया म्हणं."

"कोण म्हणालं?"

"कुठल्या कॉलेजच्या पोरांनी काढलंय कम्प्युटरात."

दुसरी भाकरी मोडत हसली. "कम्प्युटर कवा आमच्या टेबलाला आला न्हाई, पर त्येला सगळं ठावं बघ."

"सोळा वर्सं झाली," थोरली म्हणाली. "कोअर हातात घेतला की कळतं मला वल्ला हाय का सुका. माझ्या कोअरनं भोक पडतंय म्हणजे काय? एखाद-दुसरं पडंल. ढिगानं?" मग माझ्याकडं वळली. "तू कुठल्या कॉलेजची गं?"

मी कॉलेजचं नाव सांगितलं. बाकीचं सांगितलं नाही. फोटोही काढला नाही.

कोअरमधून वायू नीट बाहेर पडला नाही तर तो लोखंडात अडकतो आणि भोक राहतं. तेच ब्लो होल. म्हणून ब्लो होल वाढले की सगळे कोअर शॉपकडं बोट दाखवतात. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी एवढंच जाणत होते, की आमच्या यादीतलं पहिलं नाव ब्लो होल आहे आणि ते आधीच निवडलेलं आहे. पत्र्याच्या सावलीतून मी थेट तपासणीच्या टेबलाकडं गेले.

टेबलावर तपासणारे मामा होते. पन्नाशी ओलांडलेले, कमी बोलणारे. मी बाजूला उभी राहिले आणि पहिल्यांदाच त्यांचं काम नीट बघितलं. कास्टिंग उचलायचं, उजेडाकडं धरायचं, खराब असेल तर खिशातला खडू काढून खूण करायची. चीर असली तर फुली. भोक असलं तर गोल. वाळू पडून खड्डा झाला असेल तर दोन रेघा. नग बाजूच्या ढिगात टाकायचा. मग उजव्या हातातला मोजा काढायचा, एका बोटानं हिरवं बटण दाबायचं, पुन्हा मोजा घालायचा.

"मामा, आत्ताच्या नगाला तुम्ही फुली मारली. चीर होती न्हवं?"

"व्हय की."

"मग यादी का उघडली न्हाई?"

"कसली यादी?"

मी स्क्रीनवर धुळीच्या थराखाली असलेली बारीक ओळ दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, वाकून बघितलं.

"हे व्हय? हे लेबल हाय म्हणून सोडलंय मी. साहेब बोलले हिरवं दाबा, दाबतोय." मग जरा घाबरून म्हणाले, "का गं? काय चुकलं काय?"

त्या पाळीचे खराब नग मी हातानं मोजले. एकतीस निघाले. स्क्रीनवर एकतीसच्या एकतीस ब्लो होल. खडूनं गोल केलेले नग चार.

सुपरवायझर अधूनमधून स्वतः नोंद करायचे, तेवढीच कारणं वेगळी होती. म्हणून साहेबांच्या भिंतीवरचा रंगीत गोल पूर्ण लाल दिसत नव्हता. पूर्ण लाल असता तर कुणाला तरी शंका आली असती.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कँटीनमध्ये मी दोघांना सांगितलं. मित्रानं कपाळावर हात मारला. "माझ्या बानं तवाच इचारलं हुतं. एवढं ब्लो होल असतंय व्हय कुठं? मी म्हटलं, तुमचं जुनं झालं, हा डेटा हाय."

मैत्रीण मात्र शांत होती. "अहवाल तयार आहे, फक्त फोटो राहिलेत. कंपनीचं पत्र आलंय. दहा तारखेला प्रेझेंटेशन आहे. तुला नक्की काय करायचंय?"

"सांगायचंय."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

"म्हणजे तुला हिरॉईन व्हायचंय." तिनं चहाचा कप सरकवला. "माझं नोकरीचं जॉइनिंग सगळे विषय सुटण्यावर आहे, माहीत आहे ना? आणि चूक आपली एकट्याची आहे का? साहेबांनीच सांगितलं होतं एका बटणात."

"आधीच निवडलेलं मी ठेवलं. ते साहेबांनी सांगितलं नव्हतं."

"अगं बाई, गप की जरा," मित्र तिला म्हणाला. "बायकांच्या पोटावर पाय आलाय आणि तू जॉइनिंग घेऊन बसलीस."

"तुझं जॉइनिंग असतं तर तू काय घेऊन बसला असतास?" ती म्हणाली. तिचं सगळं चूक होतं असं मला आजही म्हणता येत नाही.

सरांना सांगायला मी एकटी गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बरं झालं सापडलं. आता असं कर, प्रेझेंटेशन होऊ दे. नंतर मी स्वतः साहेबांना फोन करतो. आपण दुरुस्त आवृत्ती पाठवू."

"सर, प्रेझेंटेशन दहाला आहे. त्या बायका एक तारखेला जातायत."

"एका फोननं फौंड्रीचे निर्णय बदलत नाहीत."

"मग मी जाऊन सांगते."

सर उठून खिडकीपाशी गेले. त्यांचा आवाज चढला, तो मी पहिल्यांदाच ऐकत होते. "कळतंय का तुला? दोन वर्षं मी त्या लोकांच्या दारात उभा राहिलोय. विद्यार्थ्यांचं सॉफ्टवेअर लावलं आणि तोंडघशी पडलो, असं एका कंपनीनं म्हटलं की बाकीचीही दारं बंद. मग पुढच्या वर्षी तुझ्यासारख्याच पोरी परत झेरॉक्सच्या माडीवर जातील. तुला मी कुठून कुठं आणलं? एवढं करून हे? कृतघ्न आहेस तू."

"असेन, सर," मी म्हटलं. "पण एक तारीख दहाच्या आधी येते."

बाहेर येऊन मी जिन्यात बसून रडले, हेही खरं. त्यांनी दिलेला लॅपटॉप माझ्या मांडीवर होता. पण रडता रडता मला एक राग येत गेला, आणि तो अजून गेलेला नाही. आमच्यासारख्यांना जे मिळतं ते कुणीतरी दिलेलं असतं, असं आम्हाला लहानपणापासून शिकवतात. शाळा दिली, शिष्यवृत्ती दिली, खुर्ची दिली, संधी दिली. घेताना हात जोडायचे आणि नंतर जन्मभर जोडलेलेच ठेवायचे. ज्यांच्या आजोबांपासून सगळे शिकलेले आहेत त्यांना कुणी कृतघ्न म्हणत नाही. ते चुकले तर चुकले, भांडले तर भांडले. आम्ही नुसतं "हे बरोबर नाही" म्हटलं, की आमच्यावर केलेले उपकार मोजून दाखवतात. उपकार मी नाकारत नाही. सरांनी मला जे दिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण त्याच्या बदल्यात आठ बायकांचं काम द्यायला ते माझं नव्हतं, आणि सरांचंही नव्हतं.

पुढचे तीन दिवस मित्र आणि मी तपासणीच्या टेबलाशी उभे राहिलो. प्रत्येक खराब नगाचा खडूच्या खुणेसकट फोटो घेतला, शेजारी स्क्रीनचा फोटो. मामांनी सुरुवातीला आमच्याकडं पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी स्वतःच नग फिरवून धरायला लागले. "हितनं घे. हितनं चीर झ्याक दिसती."

चौथ्या दिवशी आम्ही साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. फोटो बघायला त्यांना पाच मिनिटं लागली. मग ते हसले.

"तुमचाच प्रोजेक्ट तुम्हीच खोटा म्हणताय? असे विद्यार्थी मी पहिल्यांदा बघतोय."

"खोटा न्हाई, साहेब. चुकलेला हाय." घाबरले की माझी भाषा गावाकडं जाते.

"मी त्या आकड्यांवर डिरेक्टरांना पत्र दिलंय. बाहेरच्या पुरवठादाराशी बोलणं झालंय. आता तू येऊन सांगतेस यादी चुकली?" त्यांनी फोन उचलून मामांना बोलावून घेतलं. मामा दारातच उभे राहिले, टोपी हातात.

"काय हो, तुम्ही कारण न बघताच बटण दाबत होता?"

तेव्हा मला कळलं, की मी खरं बोलले खरी, पण आळ नुसता जागा बदलत होता. कोअर शॉपवरून उठून तो मामांच्या डोक्यावर बसणार होता. या वयात त्यांना कोण कामावर घेणार?

"साहेब, त्यांना विचारू नका," मी मध्येच बोलले. साहेबांचं बोलणं मी तोडेन असं मला स्वतःलाही वाटलं नव्हतं. "यादी आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. आम्ही त्यांना एकदाही भेटलो नाही. पहिलं कारण आधीच निवडून मी ठेवलं. त्यांनी सांगितलं तसंच केलंय. चूक माझी आहे."

"लिहून देतेस?"

"देते."

"विचार कर. अहवालावर सही माझी लागते."

मित्रानं माझ्या कोपराला हात लावला, थांब म्हणून की लिही म्हणून, मी कधी विचारलं नाही. मी त्यांच्याच टेबलावरचा कागद ओढला आणि अर्धं पान लिहिलं. साहेब म्हणाले, इंग्रजीत लिही. मी म्हटलं, मराठीत लिहिते, मामांना वाचता आलं पाहिजे. स्क्रीन कुणी लिहिली, काय चुकलं, त्यामुळं कुणाचा दोष नसताना कुणावर आला, एवढंच लिहिलं. खाली सही केली, आणि दारात उभ्या असलेल्या मामांना ते मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि टोपी घालून कामावर गेले.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "तुझ्यासाठी इथं आता जागा नाही, हे कळलं असेल तुला."

"कळलं."

"एवढं करून दिलं लोकांनी, त्याची जाणीव नाही." कृतघ्न म्हणणारं दुसरं माणूस हे. मग त्यांनी भिंतीवरच्या रंगीत गोलाकडं बघितलं. तो आता काढावा लागणार, हे त्यांनाही दिसत होतं. "महिनाभर थांबतो. नीट नोंद होऊ दे. पुढच्या एक तारखेला ठरवीन. त्यात पुन्हा ब्लो होलच आले, तर तुझा कागद फ्रेम करून गेटवर लावतो."

त्याच रात्री मी नवी स्क्रीन तयार केली. यादी काढून टाकली. मामांच्या खडूच्या खुणा होत्या तशाच मोठ्या चौकोनांत काढल्या. फुली, गोल, दोन रेघा आणि बाकीच्या. आधीच निवडलेलं काही नाही. मामांनी एक दिवस वापरून बघितली आणि म्हणाले, "हे चौकोन अजून मोठं कर. माझं बोट काय तुझ्यावानी हाय?" मोठे केले.

अहवालात मी सातवं प्रकरण घातलं: आमचं काय चुकलं. सरांनी त्यावर लाल पेननं आडवी रेघ मारून प्रत परत दिली. मी छपाईला देताना ते प्रकरण तसंच ठेवलं. दहा तारखेला मैत्रिणीनं पहिली सहा प्रकरणं उत्तम इंग्रजीत मांडली आणि जाऊन खाली बसली. सातव्याला मी उभी राहिले. पहिल्या रांगेत साहेब होते. माझ्या इंग्रजीला घाम फुटला, मग मी मराठीत बोलले.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, "टेस्टिंग कुणी केलं होतं?"

"आम्हीच, सर. प्रयोगशाळेत. स्वच्छ हातांनी."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. टाळ्या वाजल्या नाहीत. सर्वोत्तम प्रोजेक्टचं बक्षीस वर्गातली हजेरी घेणाऱ्या एका ॲपला मिळालं. कंपनीच्या हिश्शाचे गुण आम्हाला तिघांनाही पास होण्यापुरतेच पडले. मैत्रिणीचं जॉइनिंग वाचलं, पण ती माझ्याशी बोलायची थांबली. आणि सर म्हणाले होते ते एका बाबतीत खरं झालं. त्या फौंड्रीनं पुढच्या वर्षी कॉलेजला दार उघडलं नाही. ही किंमत माझ्यानंतरच्या कुणीतरी भरली. ती माझ्या नावावर आहे, मी ती नाकारत नाही.

प्रेझेंटेशननंतर मला फौंड्रीत जायचं काही कारण उरलं नव्हतं. तरी महिना संपेपर्यंत एक दिवसाआड मी शहर बसनं जात राहिले, मोजत राहिले. वॉचमन विचारायचा, "पावणं, आता काय राहिलंय?" मी वही दाखवायची. महिनाअखेरीला गोलाची खूण, म्हणजे ब्लो होल, चौथ्या नंबरवर होती. सगळ्यांत जास्त दोन रेघा निघाल्या, म्हणजे साच्याची वाळू पडून झालेले खड्डे. मोल्डिंगची माणसं माझ्यावर चिडली. मी आकडे साहेबांच्या टेबलावर ठेवून आले. ते केबिनमध्ये असून बाहेर आले नाहीत.

निर्णय काय झाला हे मला कुणी कळवणार नव्हतं. म्हणून एक तारखेला सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी मी गेटसमोर जाऊन उभी राहिले. कामगार आत जात होते. सायकली, मोटारसायकली, एका टेम्पोतून उतरलेली दहा-बारा माणसं. बायका दिसेनात. भोंगा झाला. मग रस्त्याच्या कडेनं शर्ट घातलेल्या बायका येताना दिसल्या, आपापसांत मोठ्यानं बोलत, काहीच घडलं नसल्यासारख्या. मी मोजल्या. आठ होत्या.

थोरली मावशी मला ओळखून थांबली.

"ती चूक करणारी तूच न्हवं? मामांनी सांगितलं."

"व्हय, मावशी."

"एक म्हैना झोप न्हाई आम्हाला. थोरल्या लेकीचं शिक्षाण हाय माझ्या जिवावर." तिनं डबा या हातातून त्या हातात घेतला. "आन् एवढं शिकल्याली तू, आदी दोन पावलं आत येऊन इचारायला काय झालतं? आम्ही काय वाघ हाय?"

मी माफी मागितली. तिनं ती घेतली का नाही, कळलं नाही. बाकीच्या सातजणी आत गेल्या होत्या. वॉचमन तिला "आवरा, आवरा" म्हणत होता.

"आता विचारते," मी म्हटलं. "येऊ आत?"

"आता कशाला? परीक्षा झाली न्हवं तुझी?"

"झाली. म्हणूनच."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कापडाला वाळू लागंल."

"लागू दे."

"मग चल. पर हुबी ऱ्हायची न्हाईस नुसती. पेटी धरायला पायजे."

मी आत गेले. त्या दिवशी संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत मी सव्वीस कोअर केले. त्यांतले एकोणीस तिनं हातात घेऊन बघितले आणि फोडून टाकले.